कोऱ्या पानाच्या पुढचं पान

वसुधा, तुझ्या फ्रिजमधली अंडी मी टाकून दिली. सात होती. तू गेल्यावर चार दिवस ठेवली, मग म्हटलं कोण खाणार. दही मात्र वर पाठवलं, त्याचं विरजण चांगलं लागलंय. कपडे सुनेने घडी करून पेटीत भरले. तुझ्या कागदांना मी कोणाला हात लावू दिलेला नाही, ते तुझे सर येऊन घेऊन जाणार आहेत.

मी सध्या तुझ्याच खोलीत राहते. आई, वर एवढं मोठं घर असताना या वयात बेसमेंटमध्ये कशाला, असं श्रीकांत रोज जिन्यात उभा राहून विचारतो. त्याला सांगितलंय, पण त्याच्या डोक्यात शिरत नाही. तुला शेवटी सांगेन. आज नववा दिवस आहे. मंडळाच्या अंकासाठी लिहा, मी टाइप करते, असं सून म्हणाली म्हणून हे लिहायला घेतलंय. त्या अंकात मेलेलं प्रत्येक माणूस हसतमुख आणि सगळ्यांना हवंहवंसं असतं. तू तशी नव्हतीस. तू सकाळी दहापर्यंत कोणाशी बोलत नव्हतीस आणि माझी भाजी खारट झाली की तोंडावर सांगायचीस. मीही तसलीच. म्हणून आपलं जमलं.

इथे अमेरिकेत ते दोन टॉवर पडले त्याच्या पुढच्या वर्षी तू आलीस. ओक ट्री रोडवरच्या वाण्याच्या दुकानात फळ्यावर श्रीकांतने खोली भाड्याने देण्याची चिठ्ठी लावली होती, ती हातात घेऊनच तू दारात उभी राहिलीस. दोन बॅगा, आणि वय बेचाळीस. मला वाटलं कॉम्प्युटरवाली. आमच्या या आयसेलिनमध्ये पुण्याहून आलेलं माणूस कॉम्प्युटरचंच असतं.

"काय शिकतेस?" मी विचारलं.

"इतिहास."

"मराठ्यांचा?"

"नाही काकू, पाद्र्यांचा. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे इंग्लंडमधले. मोठे बिशप वगैरे नाहीत, शहराच्या गल्लीबोळातले. सकाळी उठून कोणाच्या घरी जायचे, काय काम करायचे, कोणाशी भांडायचे, ते."

"आणि ते शिकायला अमेरिकेत?"

"इथे शिकवणारे सर आहेत."

"नवरा?"

"सोडला."

"तू की त्याने?"

"मी."

"बरं केलंस की वाईट?"

"काकू, खोली दाखवता का?"

मी खोली दाखवली. जिना उतरताना मी तुला सांगितलं की माझा नवरा भटजी होता, चाळीस वर्षं गावात घरोघरी हिंडून पूजा, लग्नं, मयतं, श्राद्धं केली. तू तिथेच थांबलीस. बॅग खाली ठेवलीस. खोलीकडे बघितलंसुद्धा नाहीस. त्या दिवसापासून चार वाजले की तू चहाला वर यायचीस, ते आजारी पडेपर्यंत.

मी चौथी शिकलेली. तुझी पुस्तकं मला कळली नसती, पण तुझे पाद्री मला पहिल्या दिवसापासून कळले. तू सांगायचीस की देवळाचा नेमलेला पाद्री दुसऱ्याच गावी राहतो, उत्पन्न घेतो, आणि हाताखालचा गरीब पाद्री त्याच्या जागी पायपीट करतो. मी म्हणायची, यात नवं काय, आमच्याकडे मूळ उपाध्यायाचं घराणं पुण्यात आणि चिखल तुडवायला गुरुजी. (गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे, मीही इथे तेच लिहिते.) तू सांगायचीस, बाळंतीण महिनाभर बाहेर पडत नाही, मग चर्चमध्ये जाते, पाद्री प्रार्थना म्हणतो, मग ती घरातून हिंडायला मोकळी.

"म्हणजे सुवेर," मी म्हटलं.

"अगदी सुवेर नाही हं काकू. त्याच्यामागचा विचार वेगळा आहे."

"महिनाभर बाहेर पडत नाही ना?"

"नाही."

"मग सुवेर."

तू कपाळाला हात लावायचीस. पण लिहून घ्यायचीस. मयताला पाद्र्याला हातमोजे देतात, म्हणून एकेका पाद्र्याच्या घरी हातमोज्यांचा ढीग पडलेला असे, हे ऐकून मी पोट धरून हसले होते. आमच्याकडे नारळांचा ढीग असायचा. आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, मुलांच्या हातावर खोबरं. शेजारणी म्हणायच्या, भटाच्या बायकोची मजा आहे. शेवटी नारळ बघितला की मला मळमळायचं. मी तुला म्हटलं, हातमोजे बरे, नासत तरी नाहीत. तू ते वाक्य तुझ्या सरांना सांगितलंस आणि ते म्हणे खुर्चीतून पडायचे बाकी होते.

मला आवडायचं तुझं विचारणं. गुरुजींच्या पायांना भेगा होत्या का? होत्या. रात्री एरंडेल लावायचे. दोन घरी एकाच मुहूर्ताचं बोलावणं आलं तर? ज्याचं तोंड मोठं त्याच्याकडे आधी. मंत्र चुकले तर कोणाला कळायचं का? मला कळायचं. माझ्या नवऱ्याच्या कामाबद्दल माझ्या उभ्या जन्मात कोणी मला एक प्रश्न विचारला नव्हता. नातेवाईक विचारायचे ते आज काय मिळालं एवढंच.

मग तू तुझ्या त्या पाद्र्यापाशी आलीस.

एका बंदराच्या शहरातला, लहानशा वस्तीचा पाद्री. त्याचं काम म्हणजे कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण पुरलं, हे चर्चच्या वहीत लिहायचं. नऊ वर्षं त्याने नेमाने लिहिलं. मग शहरात प्लेग आला आणि त्याच्या वहीची पानं कोरी. सात आठवडे एक अक्षर नाही. त्याच वस्तीतल्या एका व्यापाऱ्याने भावाला पत्र पाठवलं होतं, त्यात लिहिलेलं, आमचा पाद्री दिसेनासा झालाय. तू त्याच्यावर अख्खं प्रकरण लिहायला घेतलं होतंस. संकटात पळालेले पाद्री. तू छायाप्रती टेबलावर मांडून मला ते कोरं पान दाखवलंस.

मी म्हटलं, "पळालाच असणार. माझा नवराही पळाला होता."

तुझा कप खाली आला. ही गोष्ट मी जन्मात कोणाला सांगितली नव्हती. श्रीकांतलाही नाही. तुला का सांगितली, मला माहीत नाही. कदाचित पाद्र्याचं ऐकून तोंडातून गेलं. कदाचित तू नवरा सोडलेली होतीस म्हणून वाटलं, हिला धक्का बसणार नाही.

श्रीकांत तीन वर्षांचा होता. आमच्या गावात श्रावणात पटकीची साथ आली. आमचं गाव नदीकाठचं, तालुक्याचं. साथ सुरू झाली त्या आठवड्यात गुरुजींनी मला आणि मुलाला माझ्या माहेरी नेऊन सोडलं आणि ते परत गेले. दीड महिन्याने मी आले तेव्हा दाराला कुलूप होतं. कडीला कोळ्याने जाळं केलेलं. तुळस वाळून काडी झालेली. शेजारची म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "तुझे गुरुजी तुमच्या मागोमागच गेले वाटतं गं. आम्हाला तर महिनाभर आळीत दिसले नाहीत. आमच्या जावयाच्या वेळी भटजी शोधत फिरलो आम्ही."

ते संध्याकाळी आले. वाळलेले, दाढी वाढलेली. मी विचारलं, "कुठं होता?"

"इथेच होतो."

"तुळशीला विचारते," मी म्हटलं.

ते हातपाय धुवायला मागे गेले. दुसऱ्या दिवशी ते नदीवर गेले असताना मी त्यांची वही काढली. भटजीची वही म्हणजे गावाची स्मशानातली हजेरी असते. कोण कोणत्या तिथीला गेलं ते लिहिलेलं असल्याशिवाय वर्षश्राद्ध कोणत्या दिवशी करायचं ते कळणार कसं? प्रत्येक महिन्याला एक पान. वर महिन्याचं नाव, खाली नावं. श्रावणाचं पान मी उघडलं. वर 'श्रावण' लिहिलेलं आणि खाली काही नाही. गावात श्रावणात पन्नासेक माणसं गेली असतील, आणि भटजीच्या वहीत एकही नाव नाही. मी वही मिटली आणि होती तिथे ठेवली.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर तीस वर्षं संसार केला. चांगलाच केला, खोटं कशाला सांगू. ते शांत माणूस होते, माझ्यावर कधी हात उगारला नाही, पोराला शिकवलं. पण कोणाच्या घरी मयत झालं आणि ते त्या माणसांना म्हणाले, "धीर धरा, मी आहे," की मी मनात म्हणायची, तुम्ही नका सांगू. ते गेले तेव्हा मी रडले, पण जितकं रडायला हवं होतं तितकं नाही. हे मी तुला सांगितलं. तू चहाचा कप धुतलास आणि विचारलंस, "काकू, ती वही आहे?"

होती. माझ्या ट्रंकेत, साड्यांखाली, लाल फडक्यात बांधलेली. गावचं घर काढलं तेव्हा श्रीकांत ती रद्दीत टाकायला निघाला होता. मी काढून घेतली. नवऱ्यावर राग होता, वहीवर नव्हता.

तो रविवार मला पुरता आठवतो. तू वही घेऊन स्वयंपाकघरात टेबलाशी बसलीस. श्रीकांतची रिया समोर गृहपाठ करत होती. मी गॅसवर पापड भाजत होते, पाठ तुमच्याकडे. तू श्रावणाचं कोरं पान बघितलंस. मग तू ते केलंस जे मी अठ्ठेचाळीस वर्षांत केलं नव्हतं. तू पान उलटलंस.

"काकू, पुढे नावं आहेत. खूप आहेत. पण तिथ्यांचा घोटाळा आहे. एकादशी, मग चतुर्थी, मग अमावास्या, मग पुन्हा चतुर्थी. काही क्रमच नाही."

"नावं वाच," मी म्हटलं.

तू वाचायला लागलीस. पहिलं नाव सोनाराच्या थोरल्याचं. मग त्याच्या शेजारच्या शिंप्याची बायको. मग शिंप्यासमोरच्या घरातली दोन मुलं. मग विहिरीजवळचा तेली. माझा हात थांबला. तू वाचत होतीस आणि मी आमच्या गावातून चालत होते. सोनार आळी संपली, विहीर आली, विहिरीवरून डावीकडे साळी आळी.

"घोटाळा नाही तो," मी म्हटलं. "तिथीने लिहिलेलं नाही. आळीने लिहिलंय. साथ संपल्यावर, मी परत आल्यानंतर, घरोघरी गेलेत. प्रत्येक दारात उभं राहून एकेकाची तिथी विचारून लिहिली आहे. श्रावणाचं पान सोडलंय ते नंतर तिथीवार उतरवून काढायला. ते त्यांनी कधी केलं नाही. उतरवून काढायचा त्यांना कंटाळा."

तू म्हणालीस, "थांबा. वर एक ओळ आहे, बारीक अक्षरात. मुक्काम घाटावर, धर्मशाळा."

गॅसवरचा पापड उलटायचं मी विसरले.

"आणि प्रत्येक नावापुढे लिहिलंय, अग्नी कोणी दिला. अग्नी, मुलगा. अग्नी, पुतण्या. अग्नी, जावई." तू बोट खाली खाली नेत होतीस. "काकू, हे काय? अग्नी, मी."

"पुन्हा वाच."

"अग्नी, मी. इथे एक. पुढच्या पानावर आणखी दोन. तीन ठिकाणी. ही शेवटची कोण, कासाराची म्हातारी?"

तेवढ्यात पापड जळाला आणि छतावरचा तो धुराचा भोंगा बोंबलायला लागला. रिया खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत ओरडत होती, "आजी, टर्न इट ऑफ! आजी, द स्टोव्ह!" आणि मी चिमटा हातात धरून तशीच उभी. गॅस तू बंद केलास.

भोंगा थांबल्यावर मी तुला समजावून सांगितलं, कारण तुला हे माहीत असायचं कारण नव्हतं. ज्याला अग्नी द्यायला घरचं कोणी उरलेलं नाही, त्याला जो अग्नी देतो त्याला सुतक लागतं, दहा दिवस. सुतक असलेला भटजी देव असलेल्या घरात पाऊल टाकू शकत नाही, स्वतःच्यासुद्धा. एक सुतक फिटायच्या आत दुसरं. म्हणून घराला कुलूप, म्हणून तुळस वाळली, म्हणून आळीत कोणाला दिसले नाहीत. ते स्मशानाशेजारी नदीवर राहत होते. आणि सोनाराच्या मुलाला, कासाराच्या म्हातारीला ब्राह्मणाने अग्नी दिला हे कळलं असतं तर मूळ उपाध्यायाने त्यांना दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं असतं आणि निम्म्या यजमानांनी दार लावलं असतं. म्हणून ते "इथेच होतो" एवढंच म्हणाले. खरंच बोलले होते.

तू वही मिटलीस. मग म्हणालीस, "काकू, अठ्ठेचाळीस वर्षं एक पान उलटलं नाहीत? तुमच्यासारखी रिसर्चर भेटली तर सर तिला पहिल्या सेमिस्टरला हाकलतील."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी चिमटा फेकून मारला असता. तू म्हटलंस म्हणून मी हसले. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं, असं रियाला सांगितलं. त्या रात्री मी श्रीकांतला सगळं सांगितलं. त्याने वही मांडीवर घेतली, तीनही ठिकाणचं 'मी' बोटाने शोधून वाचलं आणि मग तो खाली मान घालून जेवला.

आता आपलं भांडण. दुसऱ्या दिवशी तू तुझ्या पाद्र्याच्या छायाप्रती घेऊन वर आलीस, डोळे तांबारलेले. कोऱ्या पानांच्या पुढची पानं तू आधी बघितली होतीस, पण तारखा उलटसुलट होत्या म्हणून तू समजलीस की कोणीतरी निष्काळजीपणे भरलंय. आता तू त्या शहराचा जुना नकाशा काढलास आणि नावं रस्त्याने लावून बघितलीस. बंदराच्या गोदीपासून सुरू होऊन नावं घरोघर वर चढत चर्चपर्यंत गेली. अक्षरही त्याचंच.

"म्हणजे नाही पळाला," मी म्हटलं.

"तसं नाही म्हणता येणार काकू. पळून गेला असेल, साथ संपल्यावर परत आला असेल आणि मग घरोघरी जाऊन लिहिलं असेल. गुरुजींच्या वहीत 'अग्नी मी' आहे. याच्या वहीत तसं काही नाही."

"पळालेल्याला दारं कोण उघडतं?"

"म्हणजे?"

"ज्याने साथीत तोंड लपवलं, तो नंतर दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, सांगा तुमचं कोण कोण गेलं, तर लोक नावं सांगतील की शेण मारतील? एक घर सुटलंय का त्याचं?"

"एकही नाही."

"मग?"

"ते प्रूफ नाही, काकू."

दोन वर्षं आपण यावर भांडलो. मी म्हणायची, तुझं प्रूफ कागदाला लागतं, माणसाला नाही. तू म्हणायचीस, माणूस मेल्यावर कागदच उरतो. मी म्हणायची, तू हट्टी आहेस. तू म्हणायचीस, शिकवलं कोणी? केमोला जाताना गाडीतसुद्धा हेच. श्रीकांत ड्राइव्ह करता करता म्हणायचा, "आई, तिला दम लागतोय, सोड तो विषय." आणि तू मागून म्हणायचीस, "नको सोडू देऊ रे दादा, मी जिंकतेय." तुझे केस गेले तेव्हा तू मला विचारलंस, कशी दिसते? मी म्हटलं, पाद्र्यासारखी. नर्सने वळून बघितलं, इतकी तू हसलीस.

हॉस्पिटलमध्ये एक दिवस तू दुसराच प्रश्न काढलास. भावाला व्हिसा मिळत नव्हता, ते तुला कळलं होतं. मंत्र नकोत, भटजी नको, हे तू आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस, लिहूनही दिलं होतंस. मला म्हणालीस, "काकू, गुरुजींच्या वहीत मी असते तर माझ्या नावापुढे काय लिहिलं असतं? अग्नी, कोण?"

मी म्हटलं, "आधी तो भात खा."

उत्तर द्यायचं मी टाळलं. आणखी एक टाळलं, ते आता लिहून टाकते. माझा नवरा तू मला परत दिलास. पळपुट्या माणसाची विधवा म्हणून मी मरणार होते, तसं आता होणार नाही. हे मी तुला एकदाही म्हटलं नाही. जळलेल्या पापडाबद्दल मात्र दोनदा बोलले.

तू गेलीस. ज्या दिवशी न्यायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी देवळातल्या भटजींचा श्रीकांतला फोन आला. भला माणूस. मंत्र नको असतील तर नको म्हणाला, पण अग्नी कोण देणार ते ठरवा. मुलगा नाही, भाऊ नाही, मग श्रीकांतरावांनी द्यावा. श्रीकांत तयार होता. मी म्हटलं, "मी देणार."

"आई, बटण असतं तिथे. नुसतं बटण."

"मग मला जमेल."

भटजी फोनवर म्हणाले, "काकू, बायकांनी तसं करण्याची पद्धत…"

मी म्हटलं, "गुरुजी, माझ्या यजमानांनी तिघांना दिला, त्यातलं त्यांचं कोणी नव्हतं. पद्धत मला माहीत आहे. सुतक मी धरीन." मग म्हणाले, "ठीक आहे, आजी." काकूची आजी केली त्यांनी एका वाक्यात.

कोणी मंत्र म्हटले नाहीत. तुझे सर आले होते, उंच, काळा कोट, रडून रडून नाक लाल झालेलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाले, त्यात हातमोजे हा शब्द मला कळला. मग मला आत नेलं. हिरवं बटण होतं, लिफ्टचं असतं तसं. दाबायला काहीच जोर लागला नाही. बाहेर आल्यावर मला भूक लागली होती. काम नीट झालं की बरं वाटतं, तसं वाटलं.

म्हणून मी बेसमेंटमध्ये आहे. वर सुनेचे देव आहेत. माझं ताट रिया जिन्यावर आणून ठेवते आणि म्हणते, "आजी, धिस इज सो वियर्ड." पण आणते वेळेवर. पहिल्याच दिवशी तिला बजावून ठेवलंय की स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या तुळशीला रोज पाणी घाल. या वेळी वाळायला नको.

काल मी तिला खाली बोलावलं. तुझ्या टेबलावर त्या प्रकरणाची शेवटची प्रत होती, तुझ्या पेन्सिलीच्या खुणा असलेली. एवढी एकच प्रत मी उचलली, तेवढं माफ कर. म्हटलं, शेवटचं पान वाच आणि मराठीत सांग. ती अडखळत अडखळत सांगत गेली. "ती म्हणते, हा प्रीस्ट पळाला असं पूर्वी… आधी मला वाटलं. आता मी तसं म्हणत नाही. तो राहिला असंही मला प्रूव्ह करता येत नाही. पण एक बाई, जी स्वतः प्रीस्टची वाइफ होती, तिने मला विचारलं की पळालेल्या माणसाला दार कोण उघडतं. माझ्याकडे… आय डोन्ट हॅव… माझ्याकडे त्याचं उत्तर नाही." रियाने पान खाली ठेवलं. "आजी, दॅट्स यू!"

"मीच," मी म्हटलं.

म्हणजे तू हरली नाहीस आणि मीही जिंकले नाही. पण माझा प्रश्न तू तुझ्या पुस्तकात जसाच्या तसा ठेवलास, चौथी शिकलेल्या बाईचा. आणि तो गरीब पाद्री पळपुटा म्हणून छापला जाणार नाही. मला एवढं पुष्कळ आहे. मी आनंदात आहे, वसुधा. सुतकाच्या नवव्या दिवशी हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

आज सकाळी मी वही उघडली. गुरुजींच्या वहीत मी कधी एक रेघ ओढली नव्हती. श्रावणाचं पान अजून कोरंच होतं, कडा पिवळ्या झालेल्या. त्यावर लिहिलं. वसुधा. आश्विन शुद्ध त्रयोदशी. घर, आमचंच, आयसेलिन. वर श्रावण आणि खाली आश्विनातली तिथी, गुरुजींना चाललं नसतं. पण तिथीचा क्रम आधी त्यांनीच मोडला. शाई निळी आहे, त्यांची काळी होती. अक्षर माझं वाकडं आहे. शेवटचा रकाना भरायला मात्र मला विचार करावा लागला नाही.

अग्नी, मी.